आठ गुणांचा हिशेब आणि एक बेहिशेबी मजकूर

गेल्या आठवड्यात आमच्या दाजींनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक लांबलचक मजकूर टाकला आणि त्याखाली माझे नाव घेऊन लिहिले, "मामासाहेब, हे वाचा आणि मग पोराला ग्राउंडवर धाडायचं का ते तुम्हीच सांगा." पोर म्हणजे माझा भाचा. तो नांदेडला अकरावीत शिकतो आणि गोलरक्षक म्हणून खेळतो. मजकुराचे शीर्षक ‘विजेते ते भिकारी’ असे होते आणि तो अनेक वेळा पुढे पाठवला गेल्याची खूण वरच दिसत होती. लिहिणाऱ्याचे नाव अर्थातच नव्हते. हाच मजकूर पूर्वीही एकदा माझ्याकडे आला होता, तेव्हा मी तो खोडून टाकला आणि विसरलो. हैदराबाद एफसी हा फुटबॉल संघ २०२५ मध्ये दिल्लीला हलवला गेला, त्याचे नावही बदलले, आणि त्या निमित्ताने जुन्या मजकुराला नवे शेपूट जोडून तो पुन्हा फिरू लागला आहे. आता तो बहिणीच्या घरात शिरल्यामुळे खोडून भागणार नाही.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे आहे. हैदराबाद एफसीने २०२२ मध्ये जिंकलेले इंडियन सुपर लीगचे, म्हणजे देशातल्या सर्वांत वरच्या फुटबॉल साखळीचे, विजेतेपद म्हणजे रिकाम्या मैदानात पेनल्टीवर लागलेला मटका होता. नाव बुडते आहे असे दिसताच प्रशिक्षक पळाला. कोटींत पगार घेणाऱ्या खेळाडूंना दोन महिने दम निघाला नाही आणि ते भर हंगामात संघ टाकून गेले. जे उरले त्यांनी पैसे घेऊन सामने सोडले, आणि त्याचा पुरावा म्हणजे फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने, संघावर घातलेली बंदी. तळाला आल्यास खालच्या श्रेणीत घसरण्याची भीती नसल्याने कोणी अंग झटकून खेळतच नव्हते. मुळात दख्खनच्या मातीत फुटबॉल रुजत नाही. म्हणून पालकांनी आपली मुले या नादाला लावू नयेत.

मी या क्रमाने जाणार नाही, कारण या सात गोष्टींचे वजन सारखे नाही. काहींना दोन ओळी पुरतात. दोन मात्र अशा आहेत की त्या वाचताना माझे डोके खरोखर फिरले.

पहिली गोष्ट पगाराची. २०२३-२४ च्या हंगामात हैदराबादच्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थकले होते, हे मजकूर लिहिणाराही नाकारत नाही. त्याचा राग पगार थकवणाऱ्यावर नाही, तो मागणाऱ्यावर आहे. ‘कोटींत कमावणाऱ्यांना दोन महिने थांबता आले नाही’ हे त्याचे वाक्य वाचताना मला मराठवाड्यातल्या कितीतरी बैठका आठवल्या. मी स्वतः सहा वर्षे एका विनाअनुदानित तुकडीवर शिकवले आहे. पगार विचारायला गेले की "सर, तुम्हाला समाजसेवा कळत नाही का" असे ऐकून परत यावे लागे. संस्थेची गाडी नवी होती आणि समाजसेवा फक्त आमच्याकडून अपेक्षित होती. ऊस घालून महिने लोटले तरी पैसे न मिळालेला शेतकरी कारखान्याच्या दारात गेला, तर त्यालाही कारखान्यावरच्या निष्ठेचे डोस पाजले जातात. वास्तविक १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांत पैसे द्या, नाही तर १५ टक्के व्याज भरा, असे स्वच्छ लिहिलेले आहे. घाम गाळणाऱ्याने थांबावे आणि देणेकऱ्याने सवडीने द्यावे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. तिला फुटबॉलचा सदरा घालून कोणी ज्ञान म्हणून वाटू लागले की मला ते सहन होत नाही.

आता नियम काय सांगतो ते पाहू. खेळाडूंचा दर्जा आणि त्यांची एका क्लबातून दुसऱ्या क्लबात होणारी बदली यांविषयी फिफाची एक नियमावली आहे. ती गुप्त नाही, कोणालाही वाचता येते. तिच्यात २०१८ मध्ये १४ व्या कलमाला एक पोटकलम जोडले गेले. क्लबाने किमान दोन महिन्यांचा पगार ठरलेल्या तारखेला दिला नाही, आणि खेळाडूने लेखी कळवून किमान १५ दिवसांची मुदत दिल्यावरही तो मिळाला नाही, तर खेळाडूला करार मोडण्याचे रास्त कारण आहे असे समजले जाते. मजकूर लिहिणाऱ्याने टोमणा म्हणून वापरलेले ‘दोन महिने’ हे नियमात आधीच मोजून ठेवलेले आहेत, आणि त्यावर पंधरा दिवसांची सवलतही आहे. एवढे करून जो जातो त्याला गद्दार म्हणायचे असेल, तर थकबाकीदाराला काय म्हणायचे हेही त्याच मजकुरात यायला हवे होते. ते कोठेच नाही. संपूर्ण मजकुरात मालक हा शब्द एकदाही आलेला नाही. मी दोनदा शोधला.

शिवाय ‘कोटींत कमावणारे’ हे वर्णन संघातल्या मोजक्यांना लागू पडेल. प्रत्येक व्यावसायिक संघात वीस-बावीस वर्षांची मुले असतात, कपडे-बूट सांभाळणारे असतात, दुखापती पाहणारे असतात, आणि त्यांचे घर महिन्याच्या महिन्याला चालते. परदेशी खेळाडू दुसरा क्लब शोधू शकतो. सामान सांभाळणाऱ्या माणसासाठी फिफाच्या त्या पोटकलमात काहीच नाही, कारण ते फक्त खेळाडूंपुरते आहे.

दुसरी गोष्ट बंदीची, आणि मूर्खपणात हिला तोड नाही. ‘फिफाने बंदी घातली, म्हणजे काहीतरी काळेबेरे असणारच’ असे म्हणत मजकूर थेट सामने विकल्याच्या आरोपावर उडी मारतो. फिफाने हैदराबादवर घातलेली बंदी ही नवे खेळाडू नोंदवण्यावरची बंदी होती. तिचा सामने विकण्याशी संबंध नाही. ती वसुलीची पद्धत आहे. एखाद्या खेळाडूने किंवा प्रशिक्षकाने थकलेल्या पैशांसाठी दाद मागितली, निकाल क्लबाच्या विरोधात गेला आणि ४५ दिवसांत पैसे भरले नाहीत, की क्लबाची नोंदणी बंद होते. ही बंदी जास्तीत जास्त सलग तीन नोंदणी-काळांपर्यंत चालते आणि पैसे भरले की उठते. वीजबिल थकले म्हणून मीटर कापून नेले, तर त्या घरात चोरी झाली असे कोणी म्हणत नाही. इथे मात्र तेच म्हटले गेले, आणि आरोप कोणावर, तर ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्यावर.

ही बंदी समजली की हंगामाचा अर्धा उलगडा होतो. जानेवारी २०२४ मध्ये खेळाडू जाऊ लागले. मोहम्मद यासिर गोव्याला गेला, चिंगलेनसाना सिंग आणि निखिल पुजारी बेंगळुरूला गेले, परदेशी खेळाडूही एकामागून एक निघाले. दुसरा कोणताही संघ अशा वेळी नवी माणसे आणतो. हैदराबादला आणता येत नव्हती. मैदानावर एका वेळी चार परदेशी खेळाडू उतरवण्याची मुभा असलेल्या स्पर्धेत त्यांच्याकडे जोआव व्हिक्टर हा एकच परदेशी खेळाडू राहिला. बाकी जागा राखीव संघातल्या आणि नवख्या मुलांनी भरल्या. समोर चार, इकडे एक. हे गणित ज्याला कळते त्याला पराभवाचे कारण शोधण्यासाठी सट्टेबाजापर्यंत जावे लागत नाही.

आता गुणतक्ता. हैदराबादने २०२३-२४ मध्ये २२ सामने खेळले, त्यांपैकी १ जिंकला, ५ बरोबरीत सोडवले आणि १६ गमावले. १० गोल केले, ४३ खाल्ले, आणि ८ गुणांसह बारा संघांत बारावा क्रमांक मिळवला. यातला एकुलता एक विजय कधी मिळाला हे पाहिले की मजकुराचा चौथा मुद्दा, सामने विकल्याचा, जागेवरच कोसळतो. तो विजय मार्च २०२४ मध्ये चेन्नईयिनविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर, १-० असा मिळाला. म्हणजे नावाजलेले खेळाडू निघून गेल्यावर, पोरे खेळत असताना मिळाला. सामने विकायचे असते, तर हातात काहीच नसलेल्या, कोणी विचारतही नसलेल्या त्या मुलांनी परगावी जाऊन तो एक सामना जिंकण्याचा उपद्व्याप कशाला केला असता? विक्रीचा पुरावा मजकुरात तर नाहीच, आणि असा आरोप एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या कपाळावर कायमचा चिकटतो याचे भानही लिहिणाऱ्याला नाही.

मात्र हाच गुणतक्ता माझ्याही बाजूने पूर्णपणे बोलत नाही, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. एकमेव विजय मार्चचा आहे, याचा सरळ अर्थ असा की डिसेंबरपर्यंत, म्हणजे बरेचसे परदेशी खेळाडू अजून संघात असताना, एकही सामना जिंकलेला नव्हता. तेव्हाचा दोष केवळ जानेवारीतल्या पळापळीवर टाकता येत नाही. संघ त्याआधीच्या उन्हाळ्यातच पोखरला गेला होता. आकाश मिश्रा मुंबईला गेला, हालीचरण नार्झारी आणि रोहित दानू बेंगळुरूला, हाविएर सिव्हेरिओ आणि बोर्हा हेरेरा ईस्ट बंगालला, आणि गोलांचा कारखाना असलेला बार्थोलोम्यू ओगबेचेही राहिला नाही. इतके खांब काढून घेतल्यावर त्यांच्या जागी जे आले ते तोडीचे नव्हते. निवडच चुकली होती. पगार वेळेवर मिळाले असते तरी हा संघ त्या वर्षी वरच्या चारांत आला असता असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण सातवा-आठवा येणे आणि आठ गुणांवर बुडणे यांत जे अंतर आहे ते थकबाकीचे आहे.

याला दुजोरा पुढच्याच वर्षी मिळाला. २०२४-२५ मध्ये मालकी बदलली आणि हैदराबादने २४ सामन्यांत १८ गुण मिळवले. काही दिवे लावले असे नव्हे, तेरा संघांत बारावेच आले. त्यांच्या खाली, १३ गुणांवर, कोण होते, तर कोलकात्याचे मोहम्मडन स्पोर्टिंग, आणि त्या हंगामात पगाराचा वाद त्यांच्याकडे चालू होता. लागोपाठ दोन वर्षे तळाचा संघ तोच निघाला ज्याच्या खेळाडूंना आपल्या पैशांसाठी भांडावे लागले. दोन उदाहरणांवरून सिद्धांत मांडू नये हे मला कळते. परंतु एकही उदाहरण न देता ‘सगळे विकले गेले’ म्हणणाऱ्यापेक्षा दोन बरी.

विजेतेपद मटक्याचे होते, या म्हणण्यावर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. २०२१-२२ चा संपूर्ण हंगाम कोरोनामुळे गोव्यात झाला, मैदाने रिकामी होती, हे खरे. पण ती सर्वांनाच रिकामी होती. हैदराबादने साखळीत २० सामन्यांत ३८ गुण घेऊन दुसरा क्रमांक मिळवला आणि ४३ गोल केले, म्हणजे दोन वर्षांनी जितके खाल्ले तितके त्या वर्षी केले होते. सदतीस वर्षांच्या ओगबेचेने एकट्याने १८ गोल केले. २०२३-२४ च्या अख्ख्या संघाचे दहा होतात, हे शेजारी ठेवून पाहावे. उपांत्य फेरीत एटीके मोहन बागानला दोन सामन्यांत मिळून ३-२ असे हरवले. २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्ड्याला केरळा ब्लास्टर्सविरुद्धचा अंतिम सामना मात्र प्रेक्षकांनी भरलेला होता आणि ते प्रेक्षक जवळजवळ सगळे केरळचे होते, तेव्हा ‘रिकाम्या मैदानात’ हेही तिथे लागू पडत नाही. ८८ व्या मिनिटाला साहिल तावोराने बरोबरी साधली आणि पेनल्टींत लक्ष्मीकांत कट्टीमनीने तीन फटके अडवून सामना ३-१ असा काढला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता. पुढच्या वर्षी याच संघाने ४२ गुण घेऊन पुन्हा दुसरा क्रमांक मिळवला. मटका लागोपाठ दोन वर्षे लागत नाही.

भाचा गोलरक्षक झाला तो त्या कट्टीमनीमुळे. अंतिम सामना आम्ही दाजींच्याच घरी पाहिला होता, हे दाजी सोयीस्करपणे विसरले आहेत. तिसरी पेनल्टी अडवली तेव्हा सोफ्यावर सर्वांत आधी उभे कोण राहिले, हेही मला आठवते.

प्रशिक्षक पळाल्याचे म्हणणे दोन वाक्यांत संपते. मानोलो मार्केस यांनी हैदराबादला तीन हंगाम दिले, तिसरा पूर्ण केला आणि मग गोव्याचा संघ घेतला. काम पूर्ण करून दुसरीकडे गेलेल्या माणसाला पळपुटा म्हणत नाहीत, आणि पुढे त्यांच्याकडे भारतीय संघाची जबाबदारी आली ती पळण्याच्या कौशल्यावर नव्हे.

घसरण्याची भीती नव्हती, हे बरोबर आहे. इंडियन सुपर लीगमध्ये खालून वर येण्याची वाट उघडली, त्या वाटेने पंजाब आणि नंतर मोहम्मडन आले, पण तेव्हा वरून खाली कोणी जात नसे. शेवटून पहिला आलेला संघ पुढच्या वर्षी त्याच पंगतीला बसे, ही रचना सदोष होती असे माझेही मत आहे. परंतु ही भीती नसण्याचा लाभ मालकाला होतो. खेळाडूचा करार एक-दोन वर्षांचा असतो, आणि आठ गुणांच्या हंगामातून आलेल्या खेळाडूला पुढच्या कराराच्या वेळी त्या आठ गुणांची किंमत मोजावी लागते. खेळाडूला भीती नव्हती असे म्हणणाऱ्याने कंत्राटी नोकरी केलेली नसावी.

आता मातीचा मुद्दा, ज्याच्यावर मला सविस्तर लिहायचे आहे, कारण हे अज्ञान आपल्या स्वतःच्या इतिहासाविषयीचे आहे. ‘दख्खनच्या मातीत क्रिकेट आणि कबड्डी, फुटबॉल बंगाल्यांचा आणि गोवेकरांचा’ असे मजकूर म्हणतो. हैदराबाद सिटी पोलीस या संघाने १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे रोव्हर्स करंडक जिंकला होता. ही स्पर्धा मुंबईत होत असे आणि तिथे देशातले मातब्बर संघ येत. ती पाच वर्षे कोणती हे नीट पाहिले पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ ला. मधल्या काळात नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद हे सगळे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. म्हणजे मुंबईत जाऊन पाच वेळा करंडक उचलणारा तो संघ आपल्याच राज्याचा होता. मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत हे येत नाही, ते साहजिक आहे, पण म्हणून ते घडले नाही असे होत नाही.

त्या संघाला घडवणारे सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शिक्षक. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदके मिळवली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. १९६२ मध्ये जाकार्ताला दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले तेव्हा रहीम कर्करोगाने आतून पोखरले गेले होते, आणि पुढच्याच वर्षी ते गेले. त्या अंतिम सामन्यात गोलात उभा होता पीटर थंगराज, तो जन्माने हैदराबादचा. तुलसीदास बलराम सिकंदराबादचा. नंतरच्या पिढ्यांत सय्यद नईमुद्दीन, शब्बीर अली, व्हिक्टर अमलराज ही नावे त्याच शहराने दिली. मातीचा दोष असता तर एवढे पीक कोठून आले?

इथेही मजकुरात एक अर्धे सत्य आहे आणि ते मला टोचते. हैदराबाद एफसीच्या संघात हैदराबादची मुले जवळजवळ नव्हती. गोव्याचे होते, मणिपूरचे होते, केरळचे होते. संघच मुळात पुण्याचा संघ २०१९ मध्ये बंद झाल्यावर त्याच्या जागी उभा केलेला. एका शहरातून उचलून दुसऱ्यात ठेवलेले हे रोप होते, आणि सहा वर्षांनी ते तिथूनही उचलले गेले. हैदराबादेत गच्चीबावलीच्या मैदानात खुर्च्या रिकाम्या असत हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे. २०२२-२३ मध्ये मी आणि भाचा देवगिरी एक्स्प्रेसने सामना पाहायला गेलो होतो. तो तेव्हा आठवीत होता. आमच्या रांगेत आम्ही दोघे, एक पिवळा झेंडा घेतलेला कॉलेजचा मुलगा आणि डबा उघडून बसलेले एक कुटुंब, एवढेच होतो. मध्यांतरात त्या कुटुंबाने आम्हाला पुरी-भाजी दिली, आणि नांदेडहून आलो म्हटल्यावर त्यांतल्या आजी मराठीत बोलू लागल्या. त्यांचे माहेर धर्माबादचे निघाले. उरलेला सामना त्यांनी आम्हाला धर्माबादच्या मिरचीचे भाव विचारण्यात घालवला. तेव्हा प्रेक्षक कमी होते, हे मान्य. पण शहरातल्या शाळा आणि जुन्या वस्त्यांतल्या मैदानांशी क्लबाने नाते जोडले नाही, म्हणून खुर्च्या रिकाम्या राहिल्या. त्याचा ठपका मातीवर ठेवता येत नाही.

शेवटचा मुद्दा मुलांना या नादाला न लावण्याचा. मजकुराचा सगळा खटाटोप इथे येण्यासाठीच होता, आणि दाजींनाही तेवढेच हवे होते. हैदराबादच्या त्या हंगामातून पालकाने काही सावधगिरी घ्यायचीच असेल, तर ती अशी घ्यावी : मुलाने कधी क्लबाशी करार केला तर तो वाचावा, पगाराची तारीख पाहावी, थकल्यावर लेखी कळवावे, आणि शिक्षण चालू ठेवावे. मैदानावर जाण्यापासून अडवण्याचे कारण त्यात कोठेही सापडत नाही. भाचा काही उद्या व्यावसायिक खेळाडू होणार नाही, कदाचित कधीच होणार नाही. सकाळी साडेपाचला उठून तो सायकलवर जातो, आठ वाजता येऊन हातमोजे बादलीत बुडवतो आणि दोरीवर उलटे करून टांगतो. उजव्या मोज्याचा तळवा फाटला आहे, त्याला आतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला आहे. शेजारी त्याचा हैदराबाद एफसीचा पिवळा सदरा वाळत असतो. ज्या संघाचा तो सदरा आहे तो संघ आता त्या नावाने उरलेला नाही, म्हणून सदरा फेकून दे असे मी त्याला सांगितलेले नाही.

एवढे सगळे मी गटावर लिहिले. बहिणीने नमस्काराचे चिन्ह टाकले. दाजींनी दिवसभर काही कळवले नाही. रात्री त्यांचा फोन आला. पगाराविषयीचे पटले, असे ते म्हणाले, कारण त्यांच्या स्वतःच्या थकलेल्या बिलांचा विषय निघाला आणि त्यावर वीस मिनिटे गेली. माती आणि रहीमसाहेब यांच्याबद्दल ते काही बोलले नाहीत. फोन ठेवताना म्हणाले, "सोमवारी आईच्या डोळ्यांसाठी हैदराबादला जायचंय. त्या मोज्यांचा नंबर काय असतो, ते पोराला विचारून सांगा."